घरी जुळवली की स्वस्तात पडते! : रा. रा. स्वस्तराव यांस खुले पत्र

रा. रा. स्वस्तराव यांस,
मुक्काम कोलंबस, ओहायो



पत्र लिहिण्यास कारण की, काल रात्री हिशेब पुरा झाला. तुमचं खरं नाव इथे घालत नाही. इथल्या मराठी मंडळातल्या निम्म्या घरांना ते माहीत आहे. उरलेल्या निम्म्यांचा खिसा अजून शाबूत आहे आणि तो तसाच राहावा, म्हणून हे पत्र पाकिटात न घालता उघड्यावर ठेवतोय.

उपकार करणाऱ्याला उपकार आठवत नाहीत, तेव्हा पहिल्यापासून सांगतो. १ ऑगस्ट २०२४. इथे ओहायोत पहाट. आमच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे तिकडे फ्रान्समध्ये गुडघ्यावर बसून, पालथा पडून आणि उभा राहून नेम धरत होता, आणि मी बेसमेंटमध्ये पांघरुणात त्याच्याबरोबर श्वास रोखत होतो. ४५१.४ गुण, कांस्यपदक, ५० मीटर थ्री पोझिशन्समधलं भारताचं पहिलं ऑलिंपिक पदक. सकाळी चहा पिताना कळलं, की त्या सामन्यात जी गोळी वापरतात ती साधी पॉइंट टू-टू. अमेरिकेत शेतावरची पोरं कुंपणावरचे रिकामे डबे पाडायला वापरतात तीच. झालं! कोल्हापूरचा माणूस, घरापासून वीस मिनिटांवर रेंज, आणि ग्रीन कार्ड नुकतंच हातात पडलेलं. (व्हिसावर असताना इथे बंदूक बाळगायला साधारणपणे मनाईच असते, म्हणून इतकी वर्षं मी आणि माझा बँक बॅलन्स दोघेही सुखात होतो.)

मी सरळ दुकानात गेलो. दुकानदाराने दोन रायफली काढून ठेवल्या. एक साधी रुगर टेन-ट्वेंटीटू, ३०९ डॉलर. १९६४ पासून बाजारात असलेली, दहा गोळ्यांचं गोल मॅगझिन पोटात लपवणारी, इथल्या घराघरातली पहिली रायफल. दुसरी त्याच घराण्यातली, पण जाड बॅरलची, हलक्या ट्रिगरची, रुंद दस्त्याची, ६४९ डॉलर. मी दुसरीवर बोट ठेवलं. इथपर्यंत माझं डोकं ठिकाणावर होतं, याची नोंद व्हावी. मग मी तुम्हाला फोन केला.

“सहाशे एकोणपन्नास?” तुम्ही असे ओरडलात की दुकानदाराने मान वर केली. “अहो, तीनशेची उचला! जाड बॅरल घरी बसवायचं. दोन स्क्रू असतात फक्त. दीडशे-पावणेदोनशेत काम होतंय, आणि तेवढेच वाचतायत. तयार घेतात ते लोक वेगळे. आपण इंजिनिअर ना?”

तुम्ही सांगलीचे. हळदीच्या पेठेत वाढलेल्या माणसाला पी हळद नि हो गोरी कसं म्हणायचं, हे शिकवावं लागत नाही.

स्क्रूंच्या बाबतीत मात्र तुम्ही शंभर टक्के खरं बोललात, हे मी मान्य करतो. बॅरलला खरंच दोनच स्क्रू आहेत. दस्ता एका स्क्रूवर, ट्रिगरचा अख्खा डबा दोन पिनांवर, आणि बॅरल व्ही आकाराच्या ठोकळ्याने दोन स्क्रूंवर आवळलेलं. ज्याला घरात ट्यूबलाइटचा स्टार्टर बदलता येत नाही त्यालाही पाच मिनिटांत वाटावं की आपण हाडाचे बंदूकवाले, इतकं सोपं. उंदराच्या पिंजऱ्यात शिरणंही असंच सोपं असतं, दार सताड उघडं ठेवलेलं असतं.

जाड बॅरल १९९ डॉलरला आलं. सुंदर होतं. रात्री जेवणाच्या टेबलावर किराणा दुकानाची जाहिरात पसरली, जुनं काढलं, नवं लावलं आणि दस्त्यात ठेवायला गेलो, तर बसेना. कारखान्याच्या दस्त्याची खाच सडपातळ बॅरलच्या मापाने कोरलेली आणि हे आमचं बाळसेदार, २३ मिलिमीटर जाडीचं. तुम्हाला फोन केला. तुम्ही शांतपणे म्हणालात, “मग दस्ता नको का घ्यायला?” मांडव घालून झाल्यावर व्याह्यांनी विचारावं, बँड नको का सांगायला, तसं.

दस्ता १४१ डॉलर. आता तीनशे नऊ, एकशे नव्याण्णव आणि एकशे एकेचाळीस यांची बेरीज मी त्या रात्री साडेअकरा वाजता फोनच्या कॅल्क्युलेटरवर केली. सहाशे एकोणपन्नास. एक डॉलर इकडे नाही, एक डॉलर तिकडे नाही. स्वस्तराव, तुमच्या सल्ल्याने मी बरोब्बर दुकानातल्या किमतीला पोचलो होतो. फरक एवढाच की दुकानातल्या रायफलला ट्रिगरही चांगला होता.

जाड बॅरलवर नेम धरायची माशी नव्हती, म्हणून दुर्बीण घ्यावी लागली. ती मी हिशेबात धरत नाही. तयार रायफललाही मी दुर्बीण लावलीच असती. मी सूड उगवायला बसलोय, पण खोटे आकडे लिहून नाही.

आता ट्रिगर. तयार डबा ९५ डॉलरला मिळत होता. तुम्ही म्हणालात, “पैसे काय झाडाला लागतात? डबा उघडा, आतले भाग घासून गुळगुळीत करा, लोण्यासारखा चालेल.” शनिवारची दुपार. माझी आठवीतली मुलगी फोनच्या उजेडात मला मदत करतेय. सेफ्टीचं बटण बाजूला सरकवलं आणि टिक्! एवढाच आवाज झाला. सेफ्टीखाली एक स्प्रिंग असते, उदबत्तीच्या काडीएवढी बारीक आणि तांदळाच्या दोन दाण्यांएवढी लांब. ती गेली. आम्ही दोघं चार तास जमिनीवर रांगलो. फ्रिज सरकवला. गालिचा झटकला. व्हॅक्यूम क्लीनरची पिशवी फोडून मांडीवर ओतली. मुलीने विचारलं, “बाबा, दुकानात ही जोडलेली मिळत नाही का?”

मिळते बाळा. ६४९ ला मिळते.

गणपतीच्या आदल्या दिवशी बायकोने देव्हाऱ्यातली भांडी घासायला काढली. ताम्हनातून काहीतरी चिमटीत धरून ती बाहेर आली आणि म्हणाली, “हा कुठल्या नथीचा फासा?” तोवर ९५ चा डबा येऊन बसलाही होता.

पुढे गोळ्या अडकायला लागल्या. तुम्ही म्हणालात, बोल्ट बदला. बोल्ट १६५. तरी अडकायच्याच. शेवटी रेंजवरच्या एका म्हाताऱ्या गोऱ्या आजोबांनी बॅरलकडे बघितलं आणि दोन वाक्यांत निकाल लावला. नेमबाजीच्या बॅरलचा चेंबर मुद्दाम घट्ट कापलेला असतो, त्याला डब्यातल्या स्वस्त गोळ्या पचत नाहीत. आठ सेंटवाली गोळी याला चालायची नाही, बत्तीस सेंटवाली लागेल. मग त्याला कुठली आवडते ते बघायला मी आठ कंपन्यांचे आठ डबे आणले, १०४ डॉलरचे. अधिक महिन्यात जावयापुढे ताट मांडावं तसे एकेक करून वाढले. साहेबांना आवडला तो अर्थातच सगळ्यात महाग.

राहिली हत्यारं. स्क्रू किती आवळायचा ते दाखवणारा टॉर्क ड्रायव्हर ५८, पिना ठोकायचे पंच २१, रायफल धरून ठेवायचा शिकंजा ३९. आणि प्रत्येक वस्तू वेगळ्या दिवशी, वेगळ्या दुकानातून, वेगळ्या खोक्यात आली त्याचं टपाल ३७. एकूण १,१६८ डॉलर. वाचवायचे होते पावणेदोनशे, वर गेले ५१९. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ही म्हण मी लहानपणापासून ऐकतोय. तुमच्यामुळे ती पावतीसकट कळली. रुपयांत किती झाले ते लिहीत नाही, कारण हे पत्र आई वाचणार आहे.

आता तुमचा बचाव. तो मला पाठ आहे.

पहिला मुद्दा, कर वाचवण्याचा. तुम्ही मला पिटमन-रॉबर्टसन कायदा समजावला होता. १९३७ चा कायदा. कारखानदाराने लांब बंदुका आणि गोळ्या विकल्या की ११ टक्के केंद्रीय कर, आणि तो पैसा राज्यांकडे वन्यजीव जपायला जातो. “सुट्या भागांवर तो कर लागत नाही!” असं तुम्ही मांडीवर थाप मारून सांगितलंत. बरोबर आहे. पण माझी मूळ ३०९ ची रायफल कर भरूनच आली होती, गोळ्यांच्या आठही डब्यांवर तो कर होता, आणि सुट्या भागांवर जे वाचलं त्यातलं बरंचसं टपालवाल्याने नेलं. हरणांना आणि बदकांना तुम्ही फसवू शकला नाहीत, फसलो मी.

दुसरा मुद्दा, हत्यारं जन्मभर पुरतात. पुरतील की. पुढचा स्क्रू कधी आवळायचा तेवढं सांगा.

तिसरा मुद्दा, विकली तर पैसे परत येतील. मी विचारून आलो. दुकानदाराने रायफल हातात घेतली, उलटसुलट केली आणि साध्या टेन-ट्वेंटीटूपेक्षा थोडा कमीच भाव सांगितला. कारण विचारलं तर म्हणाला, “ही कुणी जुळवली, मला काय माहीत?” कारखान्याने जोडलेलीला कारखान्याची जबान असते. माझ्या रायफलला फक्त तुमची आहे.

स्वस्तराव, मी एवढ्या रात्री जागून विचार केला की गणित चुकलं कुठे. आणि मग लक्षात आलं की गणित तुम्ही चुकवलंच नाही, तुम्ही ते मांडूच दिलं नाहीत. कारखाना बॅरल हजारांनी बनवतो, दस्ते हजारांनी कोरतो, एका खोक्यात भरतो आणि एका ट्रकने पाठवतो. तेच सगळं मी एकेक घेतो तेव्हा प्रत्येक भागावर वेगळं खोकं, वेगळं गोदाम, वेगळा नफा आणि वेगळं टपाल चढतं. हापूसची पेटी आणि सुटा आंबा यांतला फरक कोल्हापूरच्या शेंबड्या पोराला कळतो. तो चाळिशीतल्या इंजिनिअरला का कळू नये?

कारण ६४९ चा आकडा घरात सांगावा लागतो. त्यासाठी जेवताना विषय काढावा लागतो, बायकोचा मूड बघावा लागतो, मुलीच्या पियानोच्या फीशी त्याची तुलना होते. ९५ सांगावे लागत नाहीत. ३९ तर कार्डाच्या बिलात किराणा आणि पेट्रोलच्या मध्ये गुपचूप बसून जातात. तुमची खरी विद्या स्वस्ताईची नाहीच, तुकडे पाडण्याची आहे. एका मोठ्या खर्चाचे तुम्ही एवढे बारीक तुकडे करता की कुठल्याच तुकड्याला रक्त येत नाही, आणि मग माणूस आनंदाने कीस पडेपर्यंत स्वतःला किसून घेतो. घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं आपले वाडवडील म्हणून गेले. त्यांनी रायफल पाहिली नव्हती, नाहीतर तीही या यादीत घातली असती.

बरं, एवढं करून रायफल कशी आहे? उत्तम आहे. वाळूच्या पिशवीवर टेकवून ५० यार्डांवर मारली तर पाच गोळ्या एका नाण्याखाली झाकल्या जातात. साधीला हेच झाकायला दोन नाणी लागली असती. पण पिशवी काढून मी उभा राहिलो की त्याच पाच गोळ्या जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत विखुरतात, आणि ताट दोन्ही रायफलींना सारखंच लागतं. कुसाळे ज्या दहाच्या वर्तुळावर नेम धरतो ते ५० मीटरवर १०.४ मिलिमीटरचं असतं, शर्टाच्या बटणाएवढं. ते बटण आणि माझं ताट यांच्यामधलं अंतर कुठलंच बॅरल भरून काढत नाही. ते गोळ्यांनी भरतं, हजारो गोळ्यांनी. वर गेलेल्या ५१९ डॉलरमध्ये आठ सेंटवाल्या साडेसहा हजारांच्या आसपास आल्या असत्या. तेवढ्या मारल्या असत्या तर ताटाची निदान बशी झाली असती.

आता तुमच्या गुन्ह्याचा मुख्य पुरावा. ऑक्टोबरातला रविवार. तुम्ही पहिल्यांदा माझ्याबरोबर रेंजवर आलात. तुम्ही केस उघडली आणि आतून निघाली तीच ६४९ वाली. दुकानातली. तयार. जाड बॅरल, हलका ट्रिगर, ट्रिगरच्या कमानीला किमतीच्या चिठ्ठीचा दोरा अजून बांधलेला. मी बघत राहिलो. तुम्ही सहज म्हणालात, “मला कुठे वेळ आहे हो जुळवत बसायला?”

मी माझे तास मोजलेत. बसवणं, उतरवणं, शोधणं, रांगणं, परत पाठवणं, तुम्हाला फोन करणं धरून एक्केचाळीस. तुमच्या वेळेची किंमत तुम्हाला ठाऊक होती, म्हणून तुम्ही दुकानात गेलात. माझ्या वेळेची किंमतही तुम्हीच ठरवलीत, शून्य.

तरी न्यायाला धरून एक गोष्ट लिहितो, नाहीतर वाचणारे म्हणतील हा कडू झालाय. घरी जुळवण्यात अर्थ असतो, पण तो वेगळा असतो. लहान मुलीच्या खांद्याला बसेल असा आखूड दस्ता हवा असेल, हवी तशी वस्तू दुकानात मिळतच नसेल, तर जुळवावी. आत काय चालतं हे बघायची खाज असेल तर अवश्य जुळवावी. मला आज डोळे मिटून ती रायफल खोलता येते, आणि मुलीला ट्रिगर, हॅमर आणि सेफ्टी यांतला फरक कळतो. त्या रांगण्याच्या चार तासांत ती माझ्याशी जेवढं बोलली तेवढं वर्षभरात बोलली नव्हती. या सगळ्याचे पैसे मी हसत दिले असते. पण मग छंद म्हणून द्यायचे. काटकसर म्हणून नाही. तुम्ही मला छंद विकलात आणि पावतीवर बचत लिहिलंत, माझी तक्रार एवढीच आहे.

आता शिक्षा. गेल्या आठवड्यात तुम्ही चहाला आलात तेव्हा मी खालचा खण उघडून दाखवला. त्यात मूळ बॅरल आहे, मूळ दस्ता आहे, मूळ ट्रिगरचा डबा आहे, मूळ बोल्ट आहे. मी ते विकायचा प्रयत्न केला होता. कुणी घेत नाही, कारण टेन-ट्वेंटीटूवाल्या प्रत्येकाच्या घरी असा एक खण असतो. प्रत्येकाला कुणीतरी स्वस्तराव भेटलेला असतो. तुम्ही खणात डोकावलात, बिस्किट बुडवलंत आणि तुमचे डोळे चमकले. “अहो, यात फक्त रिसीव्हर नाहीये! दीडशेत रिसीव्हर घ्या, की दुसरी रायफल फुकट!”

बिस्किट कपात पडलं ते तुमचं नाही, माझं.

तर स्वस्तराव, हा अख्खा खण मी तुमच्या पत्त्यावर पाठवतोय. टपाल तुम्ही भरायचं आहे. इथल्या कायद्याच्या नजरेत रिसीव्हर म्हणजेच बंदूक, बाकी सगळं नुसतं लोखंड आणि लाकूड. तेव्हा तो तुमच्या नावावर तुम्हीच आणायचा. दुकानात जायचं, ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा, पार्श्वभूमी तपासणी होईपर्यंत काचेतल्या ६४९ वाल्यांकडे बघत उभं राहायचं. घरी येऊन जेवणाच्या टेबलावर कागद पसरायचा आणि जुळवायची. वेळ कुठे आहे, हे कारण या कोर्टात चालणार नाही.

जुळून झाली की तुमच्या हातात काय येईल? शेवटच्या पिनेपर्यंत तीच साधी रायफल, जी पहिल्या दिवशी त्या दुकानात ३०९ ला होती. तुम्हाला मात्र ती दीडशेत पडेल. अगदी निम्म्यात! इतकी वर्षं तुम्ही जे सांगत आलात ते तुमच्यापुरतं का होईना खरं ठरेल. घरी जुळवली की स्वस्तात पडते. सुटे भाग दुसऱ्याने घेतलेले असले म्हणजे झालं.

कळावे, लोभ आहे तेवढा पुरे.

आपला,
एक्केचाळीस तासवाला

ता. क. सेफ्टीची स्प्रिंग कागदाच्या पुडीत वेगळी बांधली आहे. बसवताना देव्हारा जिकडे असेल तिकडे तोंड करून बसा; उडाली तर निदान ताम्हनात सापडेल.